बेट कुणाचं, वहिवाट कुणाची?

कारवारजवळच्या बिणगा किनाऱ्यासमोर अंजदीव नावाचं बेट आहे. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. कागदोपत्री ते गोव्याचं, समोरचा किनारा कर्नाटकाचा आणि ताबा भारतीय नौदलाचा. १९६१ च्या डिसेंबरात या बेटासाठी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात लढाई झाली आणि आपले सात नौसैनिक तिथं कामी आले. एवढ्याशा जमिनीसाठी दोन देशांनी का भांडावं, मालकी म्हणजे नेमकं काय, आणि मालकी ठरल्यावर तिथल्या माणसांचं काय होतं, या प्रश्नांवर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेरचे एक निवृत्त इतिहासशिक्षक आणि पुण्यात कायदा शिकवणारी त्यांची भाची यांच्यातला हा संवाद. दोन्ही पात्रं लेखकानं योजलेली आहेत. नावं, वर्षं आणि घटना मात्र खऱ्या आहेत.

मामा : अगं, बेट लहान आहे म्हणून प्रश्न लहान होत नाही. १९६१ च्या १७ नोव्हेंबरला ‘साबरमती’ ही आपली बोट अंजदीवजवळून चालली होती. बेटावरच्या पोर्तुगीज शिबंदीनं तिच्यावर गोळ्या झाडल्या, बोटीचा मुख्य इंजिनिअर जखमी झाला. पुढच्याच आठवड्यात मासेमारीच्या होडीवर गोळीबार झाला आणि आपला एक मच्छीमार मेला. स्वतःच्या किनाऱ्यासमोर जाळं टाकणाऱ्या माणसाला परका सैनिक मारतो, आणि तो सैनिक ज्या खडकावर उभा आहे तो दीड किलोमीटरचा आहे म्हणून आपण गप्प बसायचं?

भाची : गप्प बसा असं मी कधीच म्हणणार नाही, मामा. माझं म्हणणं वेगळं आहे. बेटाच्या भांडणात मच्छीमार नेहमी पहिल्या पानावर असतो आणि भांडण मिटलं की शेवटच्या पानावरही राहत नाही. अंजदीवचा इतिहास मी त्याच नजरेनं वाचते. १४९८ साली वास्को द गामा परतीच्या वाटेवर तिथं थांबला, कारण तिथं गोडं पाणी होतं. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदानं किल्ला बांधायला घेतला आणि तो पोर्तुगिजांनी लवकरच सोडूनही दिला. पुढं इंग्रज आले. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली. त्याचा सरदार अब्राहम शिपमन चारशे शिपायांना घेऊन ताबा घ्यायला आला, तर पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणाला, कागद बरोबर नाही. शिवाय मुंबई म्हणजे एकच बेट की साष्टीसकट सगळी, यावरही वाद. तो वाद मिटेपर्यंत शिपमनची फौज अंजदीववर पडून राहिली. ताप, हगवण, उपासमार. शिपमन १६६४ मध्ये तिथंच वारला. १६६५ च्या फेब्रुवारीत मुंबईचा ताबा मिळाला तेव्हा चारशेपैकी शंभराच्या आसपास शिपाई उरले होते. मुंबईच्या मालकीचा निकाल लागेपर्यंत तीनशे माणसं एका तिसऱ्याच बेटावर संपली. त्यांची आठवण कुणाला आहे?

मामा : कुणालाच नाही, हे खरं. पण त्या कथेचा दुसरा अर्थही घे. बेट निरुपयोगी असतं तर १६८२ साली छत्रपती संभाजी महाराजांनी त्यावर तटबंदी उभारायचं मनात का आणलं असतं? आणि तो सुगावा लागल्याबरोबर पोर्तुगिजांनी घाईघाईनं तिथं किल्ला का बांधला? अंजदीव ज्याच्या हातात, कारवारचा समुद्र त्याच्या नजरेत. शिवाजी महाराजांनी खांदेरीला हेच केलं होतं. १६७९ च्या पावसाळ्याच्या अखेरीला मायनाक भंडाऱ्यानं त्या उघड्या खडकावर दगड उतरवायला सुरुवात केली. इंग्रज म्हणाले, बेट आमच्या मुंबईच्या हद्दीतलं आहे. त्यांनी जहाजं पाठवली. त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. ऑक्टोबरात समुद्रावर लढाई झाली. जंजिऱ्याचा सिद्दी आला आणि शेजारच्या उंदेरीवर बसला. एवढं होऊन १६८० च्या मार्चमध्ये इंग्रजांनी तह केला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. आज युनेस्कोच्या जागतिक वारशात आपले जे बारा किल्ले गेले, त्यात ती आहे. मुंबईच्या तोंडावरचा तो खडक सोडून दिला असता तर पुढं कान्होजी आंग्र्यांचं आरमार उभं राहिलं असतं का?

भाची : खांदेरीबद्दल माझा वाद नाही. नौका, तोफा, बंदराचं तोंड हे मला समजतं. आजच्या काळात तर बेटाची किंमत आणखी वाढलीय. समुद्रकायद्याप्रमाणं बेट ज्याचं, त्याला भोवतीचा बारा सागरी मैल प्रादेशिक समुद्र मिळतो. माणूस वस्ती करू शकेल असं बेट असलं तर दोनशे मैलांपर्यंतच्या माशांवर आणि तळाच्या तेला-वायूवर हक्क सांगता येतो. म्हणूनच जगभर ओसाड खडकांवरून तंटे चालू आहेत. पण मालकी हा एकच हक्क नाही. आपल्याकडं बांधावरून भांडण झालं की तहसीलदारापुढं दोन वेगळ्या गोष्टी येतात. सातबाऱ्यावर जमीन कुणाच्या नावावर आहे ही एक. आणि त्या जमिनीतून शेजाऱ्याची बैलगाडी पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहे का, ही दुसरी. नाव माझं असलं तरी वहिवाटीचा रस्ता मी नांगरू शकत नाही. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं तहसीलदार तो खुला करून देतो. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ असा रकानाच आहे. देशांच्या सातबाऱ्यावर तो रकाना कोरा राहतो, एवढीच माझी तक्रार आहे.

मामा : दोन शेतकऱ्यांच्या वर तहसीलदार असतो. दोन देशांच्या वर कोण आहे?

भाची : हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, आणि त्यानं आपल्याच प्रकरणात नेमका हा भेद केला आहे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. सुधीर फडके, राजा वाकणकर, बाबासाहेब पुरंदरे अशी कितीतरी मराठी माणसं त्या लढ्यात होती. दमणहून तिकडं जायचा रस्ता भारतानं अडवला, म्हणून १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल हेगला गेलं. तिथं काय पुरावा निघाला? १७७९ चा पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह, आणि १७८३ व १७८५ च्या मराठी सनदा. न्यायालयानं त्या तपासल्या आणि सांगितलं, पेशव्यांनी पोर्तुगिजांना गावांचा महसूल दिला होता, राज्य दिलं नव्हतं. पुढं इंग्रजी अमदानीत पोर्तुगिजांची सत्ता प्रत्यक्षात मान्य होत गेली, हा भाग निराळा. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणालं, सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा पूर्वापार चालत आली आहे, म्हणून तो हक्क खरा. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना मात्र तो हक्क नाही. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत रस्ता बंद केला यात भारतानं काही मोडलं नाही. जमीन, वाट, माल आणि बंदूक या चार गोष्टींचा वेगवेगळा विचार न्यायालयानं केला.

मामा : निकाल मोठा सुंदर आहे. पण त्या निकालानं गोवा मुक्त झाला का? १९५५ च्या १८ मे रोजी नानासाहेब गोरे आणि आपल्या पारनेरचे सेनापती बापट सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. बापटांचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. त्या वयाच्या माणसानं पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावून आग्वादच्या तुरुंगात टाकलं. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक जण ठार झाले. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ना कायद्यानं हलला, ना सत्याग्रहानं. शेवटी १८ डिसेंबर १९६१ ला ‘त्रिशूल’ आणि ‘म्हैसूर’ या युद्धनौका अंजदीवला गेल्या. नौसैनिकांची पहिली तुकडी उतरली. बेटावरून पांढरं निशाण दिसलं, आणि पुढची तुकडी उतरत असताना तिच्यावर गोळीबार झाला. सात गेले, एकोणीस जखमी झाले. आपल्या नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्या दलाचे मेजर सिद्धू आग्वादला कैद्यांना सोडवायला गेले आणि तिथंच पडले. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, पोर्तुगीज गव्हर्नरनं शरणागती लिहून दिली. ज्यांनी हे प्राण दिले त्यांच्यापुढं मी ‘इतर हक्कां’ची भाषा कशी बोलू?

भाची : त्यांच्या बलिदानाला मी उणेपणा आणत नाही, मामा. गोव्याचा प्रश्न वसाहतवादाचा होता. साडेचारशे वर्षं परकी सत्ता बसली होती आणि वाटाघाटीची सगळी दारं तिनं लावून घेतली होती. त्याच १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं भारतानं फौजा मागं घ्याव्यात असा ठराव आणला. बाजूनं सात मतं पडली, विरोधात चार. सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानं ठराव पडला. त्या चार विरोधी मतांत एक मत सिलोनचं होतं. आजच्या श्रीलंकेचं. अंजदीवच्या वेळी जो शेजारी आपल्या बाजूला उभा राहिला, त्याच्याशी तेरा वर्षांनी आपण दुसऱ्या एका लहान बेटाचा करार केला.

मामा : कच्चतीवू. त्या विषयावर तू येणार हे मला माहीत होतं. १९७४ हे साल तर मी विसरूच शकत नाही. जूनमध्ये आपण कच्चतीवू श्रीलंकेला देऊन टाकलं आणि ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं दिल्लीत तह करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं आपलं सार्वभौमत्व मान्य केलं. एकाच वर्षात एका हातानं घेतलं आणि दुसऱ्या हातानं सोडलं. रामनाडच्या राजाच्या जमीनदारीत ते बेट होतं असं तमिळनाडू सांगत आलं. १९६० साली बेरुबाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं होतं की देशाचा भूभाग दुसऱ्याला द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी. कच्चतीवूसाठी ती झाली नाही. संसदेत रीतसर मंजुरी नाही, तमिळनाडूची संमती नाही. परिणाम काय? रामेश्वरमचे मच्छीमार आजही पकडले जातात, बोटी जप्त होतात, गोळ्याही खाव्या लागल्या आहेत.

भाची : प्रक्रियेबद्दलचा तुमचा राग मला पटतो. इतका मोठा निर्णय लोकांपुढं मांडून व्हायला हवा होता. सरकारची बाजू अशी की बेटाची मालकी आधीपासूनच वादात होती, त्यामुळं आपलं काही दिलं असं होतच नाही. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेलेला आहे. पण करार नीट वाचा. बेट २८५ एकरांचं, वस्ती नाही, प्यायला पाणी नाही. तिथं संत अंतोनीचं चर्च आहे आणि वर्षातून एकदा दोन्ही देशांतले तमिळ मच्छीमार जत्रेला जमतात. १९७४ च्या कराराच्या पाचव्या कलमात लिहिलं होतं, भारतीय मच्छीमार आणि यात्रेकरू पूर्वीप्रमाणेच बेटावर येतील, त्यांना प्रवासाचे कागद किंवा व्हिसा लागणार नाही. सहाव्या कलमात दोन्हीकडच्या नौकांचे पूर्वापार हक्क राखले होते. मालकी एका देशाची, वहिवाट दोघांची, असा तो कागद होता. घात १९७६ साली झाला. सागरी सीमा आखल्यावर मार्चमध्ये दोन सरकारांनी पत्रं दिली-घेतली, आणि त्यात ठरलं की एका देशाच्या नौका दुसऱ्याच्या समुद्रात मासेमारी करणार नाहीत. रामेश्वरमच्या कोळ्याचं पोट त्या पत्रांनी कापलं.

मामा : तूच माझा मुद्दा सिद्ध केलास. मालकी हातातून गेली की वहिवाट दुसऱ्याच्या मर्जीवर येते. १९७४ ला लिहिलेला हक्क दोन वर्षं टिकला. बेट आपलं असतं तर ती पत्रं लिहायची वेळच आली नसती. म्हणून मी म्हणतो, आधी मालकी.

भाची : बेट आपलं असतं तरी सीमा त्याच्या पलीकडं थोड्या अंतरावर आलीच असती. आपल्या यांत्रिक ट्रॉलरांनी आपल्या बाजूचा तळ खरवडून काढलाय, म्हणून ते पलीकडं जातात. आणि पलीकडं कोण आहे? जाफना आणि मन्नारचे तमिळ मच्छीमार. यादवी युद्धात वर्षानुवर्षं त्यांना समुद्रात जाऊ दिलं नव्हतं. युद्ध संपलं, त्यांनी कर्ज काढून लहान होड्या आणि जाळी घेतली, आणि आपले ट्रॉलर ती जाळी फाडत जातात. श्रीलंकेनं २०१७ साली तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली ती त्यांच्याच मागणीवरून. उद्या कच्चतीवूवर तिरंगा लागला तरी या दोन गरिबांतलं भांडण तसंच राहील. ते मिटवायला नकाशा पुरत नाही. कोणत्या दिवशी कुणी, कोणत्या जाळ्यानं, किती अंतरापर्यंत जायचं हे लिहावं लागतं.

मामा : हे मान्य. पण मालकीशिवाय तुला ते लिहायला बसवतंय कोण? हातात काही असेल तरच समोरचा बोलतो.

भाची : मग उलट बाजूनं विचारते. मालकी हातात आली की वहिवाट सुरक्षित होते का? अंजदीवला परत चला. ज्या मच्छीमारावर गोळी झाडली म्हणून आपण ते बेट घेतलं, त्याच्या नातवाला आज तिथं होडी लावता येते का? बेटावर नोसा सेन्योरा दस ब्रोतास हे झऱ्याच्या मातेचं चर्च आहे. २ फेब्रुवारीला तिचं फेस्त भरायचं आणि ४ ऑक्टोबरला संत फ्रान्सिसचं. काणकोण, कारवार, बिणग्याहून लोक होड्यांनी जायचे. पोर्तुगिजांच्या अमलातही जायचे, गोवा मुक्त झाल्यावरही कितीतरी वर्षं जायचे. बेट नौदलाच्या तळात गेलं आणि ही यात्रा बंद झाली. आज ते लाटा अडवणाऱ्या बांधानं किनाऱ्याला जोडलं गेलंय. जमिनीनं जोडलं आणि माणसांपासून तुटलं.

मामा : हे बघ, तो तळ गरजेचा होता. मुंबईचं बंदर दाटीचं. तिथं व्यापारी जहाजं, तेलाची जहाजं आणि युद्धनौका एकाच वाटेनं ये-जा करतात. पश्चिम किनाऱ्यावर खोल पाण्याचा मोकळा तळ हवाच होता. १९८६ साली ‘सीबर्ड’ची पायाभरणी झाली, २००५ ला ‘आयएनएस कदंब’ सुरू झालं. अशा ठिकाणी होड्यांच्या रांगा कशा सोडायच्या? २००८ साली मुंबईवर हल्ला करणारे मच्छीमारी होडीतूनच आले. नौदलानं सावध राहायचं नाही का?

भाची : राहावं. रोज होड्या सोडा असं कुणी मागत नाही. मागणी वर्षातल्या दोन दिवसांची आहे. नावं नोंदवा, तपासणी करा, नौदलाच्याच बोटीतून न्या आणि आणा. सुरक्षेसाठी आणि श्रद्धेसाठी एकाच बेटावर जागा होऊ शकते. आणि तळासाठी कारवार-अंकोल्याच्या किनाऱ्यावरची सुमारे चार हजार कुटुंबं उठली, ती कोण होती? बहुतेक मच्छीमार आणि लहान शेतकरी. मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. मामा, तुम्ही मघाशी सेनापती बापटांचं नाव घेतलंत. त्यांना सेनापती ही पदवी कशानं मिळाली?

मामा : मुळशीनं. १९२१ चा सत्याग्रह. टाटांच्या धरणात मावळ्यांची शेतं बुडत होती.

भाची : धरण भारतीय उद्योगपतीचं होतं. त्यातली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार होती. देशाच्या भल्याचं काम असंच सगळे म्हणत होते. तरी बापट जमीन जाणाऱ्या शेतकऱ्याच्या बाजूला बसले, तुरुंगात गेले, पुन्हा पुन्हा गेले. तोच माणूस चौतीस वर्षांनी गोव्याच्या हद्दीत पोर्तुगिजांच्या लाठ्या खायला गेला. त्यांच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. परक्या सत्तेपासून जमीन सोडवायची आणि स्वतःच्या सत्तेपासून त्या जमिनीवरच्या माणसाला वाचवायचं, ही त्यांना एकच लढाई वाटली. पारनेरच्या माणसानं मला सांगावं, यातली अर्धीच का चालवायची?

मामा : अर्धी चालवू नये, हे तुझं खरं आहे. पण क्रम विसरू नकोस. मुळशीचा सत्याग्रह हरला आणि धरण झालं. राज्य इंग्रजांचं होतं, शेतकऱ्याच्या हाती मत नव्हतं. ‘सीबर्ड’च्या विस्थापितांनी निदान न्यायालयात जाऊन वाढीव मोबदला मिळवला, निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना जाब विचारला. सालाझारच्या राज्यात अंजदीवचा कोळी कुणाकडं दाद मागणार होता? आपलं राज्य म्हणजे जिथं गाऱ्हाणं घालता येतं ते राज्य. म्हणून मालकीला मी पहिलं स्थान देतो. तिच्यात गर्व नाही, तिच्यात दाद मागण्याची जागा आहे.

भाची : मालकीची याहून चांगली व्याख्या मी ऐकलेली नाही, आणि ती मी स्वीकारते. पण मग ती व्याख्या आपल्याला बांधूनही घेते. जे राज्य दाद ऐकत नाही, ते आपल्या मालकीचं समर्थन स्वतःच कमकुवत करतं. आणि जिथं दोन्ही बाजूला लोकांची सरकारं आहेत, तिथं दाद मागण्याचा हा हक्क सीमेपलीकडंही नेता येतो. ऑस्ट्रेलिया आणि पापुआ न्यू गिनी यांनी १९७८ साली टोरेस सामुद्रधुनीचा तह केला. बेटं कुणाची हे ठरवलं, समुद्राच्या तळाची रेषा एक आखली, मासेमारीची दुसरी आखली, आणि मधल्या पट्ट्यात तिथल्या मूळ रहिवाशांना पासपोर्टशिवाय ये-जा करायची, पूर्वापार पद्धतीनं मासे धरायची मुभा लिहून ठेवली. २०२२ साली कॅनडा आणि डेन्मार्क यांनी हान्स बेट मधोमध वाटून घेतलं. जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा तो खडक. त्या करारातही इनुइट लोकांची शिकारीसाठीची ये-जा राखली आहे. तिथं रकाना कोरा ठेवला नाही.

मामा : त्यांच्यात दहशतवाद नाही, फाळणीच्या जखमा नाहीत.

भाची : नाहीत. पण आपल्याकडंही २०१५ साली बांगलादेशाबरोबर भूसीमेचा करार झाला. शंभरावी घटनादुरुस्ती करून, संसदेत एकमतानं. भारताच्या १११ वस्त्या तिकडं गेल्या, त्यांच्या ५१ इकडं आल्या, आणि तिथल्या माणसांना कोणत्या देशात राहायचं हे निवडायची संधी दिली. तुम्ही म्हणता ती बेरुबाडीची वाट पाळली गेली. त्याआधी त्याच शेजाऱ्याशी आपण न्यू मूर बेटावरून तीस वर्षं भांडलो. १९७० च्या चक्रीवादळानंतर नदीच्या गाळानं ते वर आलं, १९८१ साली तिथं दोन्ही देशांच्या नौका समोरासमोर आल्या, आणि २०१० पर्यंत ते पाण्याखाली गेलं. भांडणाचा विषय बुडाला, पण समुद्र, मासे आणि मासे धरणारे तिथंच राहिले. शेवटी २०१४ च्या जुलैमध्ये लवादानं सागरी सीमा आखून दिली आणि दोन्ही देशांनी ती मानली.

मामा : मग आपल्या पालघरच्या माणसांचं बोल. तिथले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. कच्छची सर क्रीक ही ९६ किलोमीटरची खाडी आपली की पाकिस्तानची, यावर १९१४ च्या मुंबई सरकारच्या एका ठरावाचा दोन्ही बाजू दोन तऱ्हेनं अर्थ लावतात. त्या न आखलेल्या पाण्यात बोट कधी पलीकडं गेली हे खलाशाला कळतही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात पालघरच्या एका तरुण खलाशाला पाकिस्तानी जवानांच्या गोळीनं मारलं. कित्येक जण कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. तिथं खाडी सोडून द्यायची का?

भाची : अजिबात नाही. दावा एक इंचही कमी करू नये. पण दावा चालू असतानाच एवढं तरी ठरवता येतं की खलाशी हा घुसखोर नाही. पकडला तर ठरावीक दिवसांत परत पाठवावा, बोट परत द्यावी, त्याच्यावर गोळी झाडू नये. खाडीची रेषा ठरायला आणखी पन्नास वर्षं लागली तरी पालघरच्या बाईनं नवऱ्याची वाट पन्नास वर्षं पाहू नये.

मामा : इथं मी तुझ्याबरोबर आहे. आणि माझी दोन मतं कायम आहेत, तीही सांगून ठेवतो. कच्चतीवूचा निर्णय ज्या रीतीनं झाला ती रीत चुकीची होती, आणि अंजदीवला जे झालं ते व्हायलाच हवं होतं.

भाची : माझंही एक मत कायम आहे. कच्चतीवू परत मिळवण्यासाठी एकाही सैनिकाचा जीव पणाला लावू नये. तिथला प्रश्न पाचव्या आणि सहाव्या कलमाचा आहे, तो चर्चेनं सुटण्यासारखा आहे.

मामा : पण मग तुझं ते तत्त्व आधी आपल्या घरात लागू झालं पाहिजे. दुसऱ्या देशाकडं आपल्या कोळ्यांची वहिवाट मागायची आणि आपल्या बेटावर आपल्याच कोळ्यांना मज्जाव करायचा, हे शोभत नाही. अंजदीवला २ फेब्रुवारी आणि ४ ऑक्टोबर हे दोन दिवस लोकांना द्या, असं निवेदन तू लिही. इतिहासाचा भाग मी लिहून देतो. त्यात त्या सात नौसैनिकांचा उल्लेख पहिल्या परिच्छेदात हवा.

भाची : आणि त्या मच्छीमाराचा?

मामा : त्याच परिच्छेदात. त्याच्यावर गोळी झाडली गेली म्हणून ते सात जण निघाले होते.